आयपीला पिंग जातो, नावाला जात नाही : उबुंटू २२.०४, शाळेचा संगणक कक्ष

फळा_खडू

नमस्कार मंडळी. मी आटपाडी तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते, संगणक कक्षही माझ्याकडेच आहे. कक्षात दहा संगणक आहेत, सगळ्यांवर उबुंटू लिनक्स २२.०४. सोमवारी, १६ जूनला शाळा उघडली, कक्ष झाडून-पुसून सगळे संगणक लावले, तर सात नीट चालले आणि तिघांवर एकही संकेतस्थळ उघडेना.

आतापर्यंत पाहिलेलं सांगते. वर कोपऱ्यात वायर्ड कनेक्टेड दिसतं. टर्मिनलवर ८.८.८.८ या गूगलच्या आयपी पत्त्याला पिंग केलं, म्हणजे उत्तर येतंय का ते पाहायला हाक मारली, की व्यवस्थित उत्तर येतं. विकिपीडियाच्या नावाला पिंग केलं की "टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्यूशन". चालू असलेल्या संगणकाची केबल काढून इथे लावली, फरक नाही. सेटिंग्जमध्ये आयपीव्ही४ च्या पानावर डीएनएसचं (नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचं) ऑटोमॅटिक बंद करून ८.८.८.८ लिहिलं, कनेक्शन बंद-चालू केलं, तरी तेच. त्याच राउटरवर माझा फोन चालतो.

हे संगणक आधीच्या सरांनी बसवले होते, ते बदली होऊन गेले. सुरक्षेसाठी काही सेटिंग केल्याचं त्यांच्या वहीत लिहिलेलं आहे, पण नेमकं काय ते नाही. दहावीच्या मुलांना या आठवड्यात दीक्षा पोर्टलवरचे धडे दाखवायचे आहेत. एका संगणकावर चार-चार मुलं बसवावी लागतायत. कृपया मार्ग सांगा. आणि काय चुकलंय तेही समजावून सांगा, कारण पुढच्या वेळी मलाच करायचं आहे.

कोकणी_कर्नल

ताई, हे सोपं आहे. ईटीसी फोल्डरमध्ये रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ नावाची फाइल आहे. ती सुडोने काढून टाका, त्याच नावाची नवी साधी फाइल करा, त्यात नेमसर्व्हर ८.८.८.८ एवढी एकच ओळ लिहा. मग चॅटर प्लस आय मारून फाइलला कुलूप लावा म्हणजे कोणी बदलणार नाही. माझ्या लॅपटॉपवर मी नेहमी हेच करतो. पाच मिनिटांचं काम.

तांब्याची_तार

मॅडम, थोडं थांबा, त्या फाइलला अजून हात लावू नका. कर्नल म्हणतात त्या उपायाने संकेतस्थळं उघडतील, ते मी नाकारत नाही. पण तुम्ही "काय चुकलंय" असं विचारलं आहे, आणि त्याचं उत्तर त्या उपायाने कायमचं झाकलं जाईल.

मोबाइलवरून मराठी कळफलकाने लिहितो आहे, म्हणून कमांड उच्चाराप्रमाणे लिहितो. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीतच टाइप करायच्या.

केबल बदलून पाहिलीत, आयपीला पिंग केलंत, हे फार चांगलं केलंत. केबल, स्विच, राउटर, गेटवे सगळे संशयातून सुटले. मी दूरध्वनी खात्यात एक्स्चेंजवर नोकरी केली. लाइन चालू आहे पण नंबर माहीत नाही, अशा वेळी लोक १९७ फिरवून चौकशी करायचे. डीएनएस ही तशीच चौकशी आहे. तुमच्या तिन्ही संगणकांची लाइन चालू आहे. आता दोनच शक्यता उरतात : चौकशीचं उत्तर येतच नाही, किंवा उत्तर येतं पण संगणक ते मान्य करत नाही. "टेम्पररी फेल्युअर" हा संदेश दोन्ही वेळा सारखाच येतो, आणि तिथेच बहुतेक लोक चुकीच्या वाटेला लागतात.

उबुंटूवर नावाचा प्रवास कसा होतो ते एकदा पाहून ठेवा. एखादा प्रोग्राम नाव विचारतो तेव्हा सी लायब्ररी आधी ईटीसीमधली एनएसस्विच डॉट कॉन्फ उघडते आणि होस्ट्स या ओळीत कोणाला कोणत्या क्रमाने विचारायचं ते वाचते. फाइल्स म्हणजे ईटीसीमधली होस्ट्स फाइल, ती आधी. डीएनएस नंतर. डीएनएसची पाळी आली की रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमध्ये नेमसर्व्हरचा पत्ता पाहिला जातो. तुमच्याकडे तिथे १२७.०.०.५३ असेल. हा पत्ता त्याच संगणकाच्या आतला आहे. तिथे सिस्टमडी रिझॉल्व्हडी नावाची सेवा बसलेली असते आणि ती बाहेरच्या खऱ्या सर्व्हरला विचारते. तुम्ही सेटिंग्जमध्ये लिहिलेलं ८.८.८.८ या सेवेकडे जातं.

रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ ही खरी फाइलही नाही, ती रन फोल्डरमधल्या फाइलकडे जाणारी लिंक आहे. रन फोल्डर मेमरीत असतो. म्हणून त्यात हाताने केलेला बदल संगणक बंद केला की जातो आणि लोक "सेटिंग टिकत नाही" म्हणून वैतागतात. कर्नलनी सांगितलेला उपाय म्हणजे लिंक तोडून रिझॉल्व्हडीला पूर्ण वगळणं. मग बिघाड रिझॉल्व्हडीमध्ये असेल तर तो दिसेनासा होतो, बरा होत नाही.

तर बंद पडलेल्या एका संगणकावर एवढं करून उत्तरं इथे टाका.

रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस. यात प्रोटोकॉल्स ही ओळ आणि करंट डीएनएस सर्व्हर ही ओळ जशीच्या तशी हवी.

डिग कमांडने विकिपीडियाचं नाव एकदा साधं विचारा. मग तेच नाव अ‍ॅट ८.८.८.८ लावून विचारा, म्हणजे रिझॉल्व्हडीला बाजूला ठेवून थेट. दोन्ही वेळा स्टेटसपुढे काय येतं ते पाहा. एनएक्सडोमेन आलं तर असं नावच नाही असं सर्व्हर ठामपणे सांगतो आहे. टाइमआउट आला तर सर्व्हरपर्यंत पोचताच येत नाही, वाटेत ५३ क्रमांकाचा पोर्ट कोणी अडवला आहे का ते पाहावं लागेल. सर्व्हफेल आलं तर सर्व्हर भेटला, त्याने काम हाती घेतलं, पण उत्तर देण्याजोगं त्याला वाटलं नाही. ही तीन उत्तरं तीन वेगवेगळ्या दिशांना नेतात, म्हणून एवढा आग्रह धरतो आहे.

जर्नलसीटीएल डॅश यू सिस्टमडी डॅश रिझॉल्व्हडी. शेवटच्या काही ओळी.

आणि टाइमडेटसीटीएल. हे का विचारतो ते नंतर सांगतो. तुम्ही "शाळा उघडली आणि" असं लिहिलं आहे, त्यावरून मला एक शंका आली आहे.

फळा_खडू

काका, मनापासून आभार. मधल्या सुट्टीत सगळं केलं.

स्टेटसमध्ये प्रोटोकॉल्सच्या ओळीत शेवटी डीएनएससेक बरोबर येस, पुढे तिरकी रेघ आणि सपोर्टेड असं आहे. करंट सर्व्हर ८.८.८.८, म्हणजे मी लिहिलेलाच.

साध्या डिगला सर्व्हफेल. अ‍ॅट ८.८.८.८ लावून विचारलं तर नोएरर आणि खाली पत्ता व्यवस्थित आला!

जर्नलमध्ये एकसारख्या ओळी आहेत : "डीएनएससेक व्हॅलिडेशन फेल्ड फॉर क्वेश्चन", पुढे कधी कॉम, कधी ओआरजी, कधी आणखी काही, आणि प्रत्येकीच्या शेवटी "सिग्नेचर डॅश एक्सपायर्ड".

टाइमडेटसीटीएलमध्ये लोकल टाइम बुधवार, ३० एप्रिल २०२५. आरटीसी टाइम १ जानेवारी २००९. सिस्टम क्लॉक सिंक्रोनाइज्ड : नो. एनटीपी सर्व्हिस : अ‍ॅक्टिव्ह.

तारीख चुकीची आहे हे आत्ता पाहिलं. पण घड्याळाचा आणि संकेतस्थळं न उघडण्याचा संबंध काय?

तांब्याची_तार

संबंध आहे, आणि या प्रकरणात तोच एकमेव दोष आहे.

आधी डीएनएससेक म्हणजे काय ते. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये डीएनएसची रचना मांडली तेव्हा उत्तर देणारा खरा की तोतया हे तपासायची सोय तिच्यात नव्हती. त्या वेळचं जाळं लहान होतं, माणसं एकमेकांना ओळखत होती. पुढे २००८ मध्ये डॅन कामिन्स्की यांनी दाखवून दिलं की सर्व्हरच्या साठवणीत खोटी उत्तरं घुसवणं समजत होतो त्यापेक्षा कितीतरी सोपं आहे. बँकेचं नाव टाइप केलं आणि भलत्याच पत्त्यावर गेलात तर काय होईल याचा विचार करा. उत्तरावर सही करायची पद्धत त्याआधीच तयार होती, त्यानंतर तिला जोर आला आणि १५ जुलै २०१० ला अगदी वरच्या रूट झोनवर सही झाली. तुमच्या आधीच्या सरांनी "येस" लिहिलं म्हणजे त्यांनी या संगणकांना सांगून ठेवलं : सही पडताळल्याशिवाय कोणतंही उत्तर मान्य करू नका. वहीतली सुरक्षेची सेटिंग ती हीच. त्या गृहस्थांनी विचार करून केलेलं काम आहे.

आता घड्याळाकडे या. प्रत्येक सहीवर दोन वेळा लिहिलेल्या असतात : कधीपासून ग्राह्य आणि कधीपर्यंत. मुदत फार नसते, रूट झोनची सही साधारण दोन आठवड्यांची. संपण्याआधी नवी होत राहते. तुमचा संगणक समजतो आज ३० एप्रिल. आलेल्या सहीवर लिहिलेलं आहे, जूनपासून ग्राह्य. म्हणजे संगणकाच्या दृष्टीने ही भविष्यातली सही, म्हणून अमान्य. मुदत संपलेली असो की सुरू व्हायची असो, रिझॉल्व्हडी दोन्हींना "एक्सपायर्ड" हाच शब्द वापरतो, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटतं समोरच्याची सही शिळी झाली. सही ताजी आहे. घड्याळ शिळं आहे.

तुमचं ८.८.८.८ का चाललं नाही तेही यातच आलं. उत्तर कुठल्याही सर्व्हरकडून येवो, पडताळणी तुमच्याच संगणकात होते. सर्व्हर बदलून घड्याळ बदलत नाही. थेट विचारलेल्या डिगने पत्ता मिळाला, कारण डिग स्वतः सही तपासत बसत नाही.

मग घड्याळ आपोआप दुरुस्त का झालं नाही? एनटीपी, म्हणजे जाळ्यावरून वेळ आणणारी सेवा, तर चालू आहे. ती वेळ आणायला ज्या सर्व्हरकडे जाते त्याचं नाव तिला माहीत आहे, पत्ता नाही. पत्ता विचारायला डीएनएस हवं. डीएनएसला सही पडताळायला बरोबर घड्याळ हवं. घड्याळाला एनटीपी हवं. असा फेरा आहे, आणि माणसाने हात घातल्याशिवाय तो सुटत नाही. सिस्टमडी लिहिणाऱ्यांना हा पेच माहीत आहे. वेळ आणणारी त्यांची सेवा स्वतःच्या प्रश्नापुरती पडताळणी नको असं सांगते, पण तो निरोप पोचायला एनएसस्विचमध्ये रिझॉल्व्ह हा भाग लागतो. उबुंटू २२.०४ मध्ये मुळात तिथे नुसतं डीएनएस असतं, म्हणून निरोप पोचत नाही.

आता करायचं काम. टाइमडेटसीटीएल सेट-एनटीपी फॉल्स. हे आधी केलं नाही तर पुढची कमांड नकार देते. मग टाइमडेटसीटीएल सेट-टाइम आणि अवतरणचिन्हांत आजची तारीख-वेळ : वर्ष, महिना, दिवस मध्ये आडव्या रेघा देऊन, मग तास, मिनिटं, सेकंद. मग सेट-एनटीपी ट्रू. शेवटी रिझॉल्व्हसीटीएल फ्लश-कॅशेस. मिनिटभरात टाइमडेटसीटीएल पुन्हा पाहा, सिंक्रोनाइज्डपुढे येस यायला हवं. टाइम झोनची ओळ एशिया कोलकाता आहे ना, तेही पाहून घ्या. सह्यांवरच्या वेळा जागतिक प्रमाणवेळेत असतात, त्यामुळे झोन चुकला की घड्याळ दिसायला बरोबर आणि आतून साडेपाच तास चुकीचं असतं.

फळा_खडू

काका, तिन्ही चालू झाले! फ्लश केल्या केल्या विकिपीडिया उघडला, आणि सिंक्रोनाइज्ड येस. चौथ्या तासाला मुलांना बसवलं.

दोन प्रश्न राहिले. बाकीच्या सातांवरही हीच सेटिंग आहे, आत्ता तपासलं. मग तिघांवरच असं का झालं? आणि गेल्या वर्षभरात कधीच का नाही? कक्षाचा मेन स्विच तर मी रोज संध्याकाळी बंद करते.

तांब्याची_तार

फार नेमका प्रश्न विचारलात.

मदरबोर्डवर नाण्याच्या आकाराचा एक सेल असतो, सीआर२०३२, तीन व्होल्टचा. संगणकाला वीज नसताना त्यातलं घड्याळ या सेलवर चालतं. तुमच्या तिघांचे सेल संपले आहेत. आरटीसी म्हणजे बोर्डवरचं हेच घड्याळ, त्यापुढे २००९ साल दिसलं ते याचंच चिन्ह, बोर्ड आपल्या मूळ तारखेला परत गेला. बाकी सातांचे सेल अजून जिवंत आहेत.

मग स्क्रीनवर २००९ ऐवजी ३० एप्रिल का दिसत होतं? वेळ आणणारी सेवा अधूनमधून आणि बंद होताना एका फाइलवर वेळेचा शिक्का मारून ठेवते. चालू होताना घड्याळ त्या शिक्क्याच्याही मागे दिसलं, तर निदान तिथपर्यंत पुढे आणते. ३० एप्रिलला तुम्ही शेवटचं बंद केलं असणार. ही सोय चांगली आहे, पण तिच्यामुळे चूक ओळखू येत नाही. २००९ दिसलं असतं तर कोणाच्याही डोळ्यांत खुपलं असतं.

वर्षभर रोज मेन स्विच बंद करूनही चालत राहिलं याचं कारणही तेच. सकाळी घड्याळ आदल्या संध्याकाळच्या वेळेवर सुरू व्हायचं. एका रात्रीचा फरक. बहुतेक सह्या त्याच्या आधीपासून ग्राह्य असतात, त्यामुळे नाव सापडायचं, एनटीपी पोचायचं आणि काही सेकंदांत घड्याळ बरोबर. दिवाळीच्या सुट्टीतही कदाचित निभावलं असेल, किंवा तेव्हा सेलमध्ये थोडा जीव असेल. मे महिन्याच्या सुट्टीत दीड महिना गेला आणि सगळ्या सह्या नव्या झाल्या.

कोकणी_कर्नल

काका, छान उलगडून सांगितलंत. पण मग ते डीएनएससेक नोच करून टाकू नये का? उबुंटू स्वतःसुद्धा ते बंद ठेवूनच देतं. शाळेतल्या संगणकाला एवढं कशाला?

तांब्याची_तार

उबुंटू बंद ठेवून देतं हे खरं, आणि त्याला कारणही आहे. आपल्याकडच्या घरगुती राउटरमधले कित्येक डीएनएस फॉरवर्डर (प्रश्न पुढे धाडणारे मध्यस्थ) सह्या पुढे पाठवतच नाहीत. अशा जाळ्यात "येस" ठेवलं की नो-सिग्नेचर म्हणत सगळंच बंद पडतं. तिथे "नो" किंवा "अलाउ-डाउनग्रेड" (जमलं तर तपासा, नाहीतर सोडा) ठेवावं लागतं. शिवाय ८.८.८.८, १.१.१.१ आणि ९.९.९.९ हे तिन्ही सर्व्हर स्वतः पडताळणी करतात, त्यामुळे "नो" केलं तरी त्यांच्यापर्यंतचा भाग तपासलेला असतो. राहतो तो त्यांच्यापासून आपल्या संगणकापर्यंतचा टप्पा.

पण मॅडमच्या शाळेत सह्या येत आहेत, सात संगणकांवर पडताळणी नीट चालते आहे. चालू असलेली तपासणी एका संपलेल्या सेलपायी काढून टाकणं मला पटत नाही. तिथे मुलं बसतात, उद्या शिष्यवृत्तीचे फॉर्म भरतील, आधार क्रमांक टाकतील. सेल बदला, सेटिंग राहू द्या. असं माझं मत. निर्णय अर्थात मॅडमचा.

एमआयडीसी_रात्रपाळी

मी चाकणला एका कारखान्यात आहे. माझंही डीएनएसचंच दुखणं आहे, इथेच विचारतो. आमच्या आतल्या सर्व्हरचं नाव डॉट लोकलने संपतं. डिगने थेट आमच्या डीएनएस सर्व्हरला विचारलं की पत्ता येतो, पण ब्राउझर आणि पिंग दोघेही नाव सापडत नाही म्हणतात. विंडोजवर चालतं. माझं घड्याळ बरोबर आहे, पाहिलं.

तांब्याची_तार

तुमचं दुखणं वेगळं आहे. डॉट लोकल हे टोक २०१३ पासून मल्टिकास्ट डीएनएससाठी राखीव आहे, म्हणजे त्याच खोलीतले प्रिंटर वगैरे एकमेकांना ज्या पद्धतीने शोधतात त्यासाठी. लिनक्स हा नियम पाळतं : डॉट लोकल दिसलं की नेहमीच्या डीएनएस सर्व्हरकडे न जाता आसपास हाक मारतं. डिग एनएसस्विच वाचत नाही, म्हणून त्याला पत्ता मिळतो. म्हणूनच प्रोग्रामला काय दिसतं हे तपासायचं असेल तेव्हा डिगवर विसंबू नका, गेटएंट एहोस्ट्स आणि पुढे नाव असं विचारा. ते प्रोग्रामच्याच वाटेने जातं.

तात्पुरतं करायचं तर रिझॉल्व्हसीटीएल डोमेन, मग तुमच्या नेटवर्क कार्डाचं नाव, मग नागमोडी चिन्ह लावून लोकल. त्याने रिझॉल्व्हडी ही नावं तुमच्या सर्व्हरकडे पाठवेल. एनएसस्विचमध्ये एमडीएनएस४ मिनिमल (आसपास हाक मारण्याची पाळी) डीएनएसच्या आधी असेल तर तिथेही अडू शकतं, गेटएंटने पाहून घ्या. पण खरं काम तुमच्या आयटीवाल्यांचं आहे, टोक बदलायला हवं. खासगी जाळ्यासाठी डॉट इंटर्नल २०२४ मध्ये इंटरनेटवरची नावं सांभाळणाऱ्या आयकॅन संस्थेने राखून ठेवलं आहे, ते घ्या.

फळा_खडू

काका, आज शिपाईदादांना विट्याला पाठवून तीन सेल मागवले. उद्या शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा आहे, दुपारी बसवते. बदलताना काही काळजी घ्यायची का?

तांब्याची_तार

मेन स्विच बंद, पाठीमागची पॉवर केबल काढलेली. सेल काढण्याआधी केसच्या उघड्या धातूला हात लावून घ्या. बाजूची छोटी क्लिप दाबली की सेल वर उचलला जातो. नवा बसवताना अधिकचं चिन्ह वरच्या बाजूला, जुना जसा होता तसाच. सेलच्या दोन्ही बाजूंना बोटांचा तेलकटपणा लागू देऊ नका, कडेने धरा.

पहिल्यांदा चालू कराल तेव्हा सेटअपमध्ये जाऊन तारीख-वेळ घाला. उबुंटू एकटंच असेल तर तिथे जागतिक प्रमाणवेळ घालायची, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. जुन्या बोर्डात बाकीची मांडणीही मूळपदावर गेलेली असू शकते, तेव्हा हार्ड डिस्क कोणत्या पद्धतीवर आहे आणि आधी कुठून सुरू व्हायचं हे चालू असलेल्या एखाद्या संगणकाशी ताडून घ्या. दहाही एकाच वेळी घेतलेले असतील तर उरलेल्या सातांचे सेलही दिवाळीपर्यंत मागवून ठेवा. आणि आधीच्या सरांची वही आहे ना, तिच्यात डीएनएससेक येस ही नोंद आणि त्याखाली सेल बदलल्याची तारीख लिहून ठेवा.